आठशेचा रोलर आणि फुकटची भिंत

फोम म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ब्लाऊजचे कप येतात. सव्वीस वर्षं ब्लाऊज शिवतेय. फोम हातात आला की आधी चिमटीत दाबायचा, सोडल्यावर किती वेळात फुगतो ते बघायचं, कड सुटते का ते बघायचं, ही सवयच लागलीय. त्यामुळं घरात फोम रोलर (आखडलेले हात-पाय ज्याच्यावर टेकवून घासायचे तो फोमचा छोटा लोड) आला त्या दिवशी मी त्याच्यावर झोपले-बिपले नाही. चिमटीत दाबला. दबेना. म्हटलं, हा कसला फोम, हे तर स्कूटरचं टायर आहे.

रोलर मागवला माझ्या लेकीनं. ती मिरजेला फिजिओथेरपी शिकते, तिसरं वर्ष चालू आहे. शिकाऊ न्हावी काय आणि शिकाऊ फिजिओ काय, पहिलं गिऱ्हाईक घरातलंच मिळतं. आणि माझं दुखणं तयारच होतं.

दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना माझा उजवा घोटा मुरगळला. हाड मोडलं नव्हतं. लग्नसराई होती, तीन आठवडे पट्टा बांधून शिवत राहिले. सूज उतरली आणि मी बरी झाले असं धरून चालले. पण घोटा आखडला तो आखडलाच. मशीनला मोटर बसवल्यापासून उजवा पाय दिवसभर पायडलवर असतो, इंचभर खाली, इंचभर वर. त्याला पुढं वाकायचं कामच पडत नाही. बेतायचं काम मात्र मी जमिनीवर करते. टेबलावर कटिंग मला कधी जमलंच नाही. सतरंजी अंथरायची, कापड पसरायचं, उकिडवं बसायचं आणि खडू घेऊन सरकत सरकत जायचं. शाळेत मी खो-खो खेळायचे, खो मिळाला की स्प्रिंगसारखी उठायचे. आणि आता उकिडवं बसलं की उजवी टाच जमिनीला टेकेना. जबरदस्तीनं टेकवली की मागं कोसळायची. मग टाचेखाली जुन्या परकराची घडी ठेवून बसायला लागले. गावाकडं गेल्यावर जुन्या पद्धतीच्या संडासात काय व्हायचं ते इथं लिहीत नाही.

लेक म्हणाली, "आई, रोलर नंतर. आधी मोजू. माप न घेता तू कधी कापडाला कात्री लावतेस का?"

इथं तिनं मला बरोबर पकडलं.

घोटा किती वाकतो याचं हे माप घ्यायला काही लागत नाही, आणि रोलरवर पैसे घालवायच्या आधी प्रत्येकानं ते घ्यावं, म्हणून नीट सांगते. भिंतीसमोर उभं राहायचं. पायाचा अंगठा भिंतीपासून थोडा मागं, टाच जमिनीला चिकटलेली. मग गुडघा पुढं नेऊन भिंतीला टेकवायचा. टेकला की पाय आणखी मागं घ्यायचा, परत टेकवायचा. टाच न उचलता गुडघा टेकेल अशी जी शेवटची जागा, तिथं अंगठ्यापासून भिंतीपर्यंत अंतर मोजायचं. टेप माझ्या गळ्यात असतोच. मी इंचात वाचायला लागले तर लेक ओरडली, "उलटा कर की, सेंटिमीटरची बाजू!" डावा निघाला साडेनऊ. उजवा साडेसहा. मी म्हटलं, अगदीच काही वाईट नाही.

तिला शंका आली. तिनं माझ्याच डब्यातली अस्तराची चिंधी घेतली, माझ्या उजव्या टाचेखाली सरकवली आणि टोक हातात धरून बसली. गुडघा पुढं गेला आणि चिंधी सुळकन बाहेर. टाच उचलली जात होती आणि मला पत्ताच नव्हता. परत मोजलं, चिंधी अडकून राहील तेवढंच. साडेचार सेंटिमीटर. एक सेंटिमीटर म्हणजे घोट्याचा साधारण साडेतीन अंशांचा वाक असं ती म्हणाली. म्हणजे माझ्या दोन पायांत सतरा-अठरा अंशांचा फरक. एक बाही कोपरापर्यंत आणि दुसरी दंडावर, असं ब्लाऊज घालून मी दोन वर्षं फिरत होते.

आता वस्तूबद्दल. लांबी ३३ सेंटिमीटर, जाडी १४. आत पोकळ प्लॅस्टिकचा पाइप, वर काळ्या ईव्हीए फोमचा थर, चपलेच्या तळाला असतो तसला. वर उंचवटे, काही चौकोनी, काही लांबट. किंमत ७९९, घरपोच. खोक्यावर लिहिलेलं की हा स्नायूंच्या गाठी मोडतो, विषारी द्रव्यं बाहेर काढतो, चरबी वितळवतो आणि लवचिकता वाढवतो. चार दावे. तीन थापा, चौथा अर्धा खरा. तो अर्धा किती, हेच मला सांगायचंय.

गाठींचं आधी. मी पहिल्याच दिवशी मोबाइलवर बघून मांडीच्या बाहेरच्या अंगानं रोलरवर आडवी झाले आणि दात-ओठ खात वर-खाली सरकले. दुसऱ्या दिवशी तिथं वांग्याच्या रंगाचा डाग. लेक चिडली. म्हणाली, तिथं जो जाड पडदा असतो तो दबण्यातलाच नाही. हा मांडीचा पडदा आणि तळपायाचा पडदा, यांना नुसता एक टक्का दाबायचं म्हटलं तरी शरीराला रोजच्यात सोसतो त्याच्या कितीतरी पलीकडचा जोर लागेल, असं २००८ मध्येच कुणी गणित मांडून दाखवलंय. माझ्या भाषेत सांगायचं तर कॉलरच्या कॅनव्हासला हातानं ओढून लांब करायचा प्रकार. कॅनव्हास तसाच राहतो, आपली बोटं दुखतात. तर रोलर गाठी-बिठी मोडत नाही. मग करतो काय? दाबानं त्या भागाची तक्रार थोडा वेळ कमी होते, ताण सहन करायची तयारी वाढते आणि सांधा थोडा जास्त वाकू देतो. बस एवढंच. आणि दुखणं दहापैकी सहाच्या वर गेलं, श्वास रोखून धरावा लागला, तर आपण नुसतंच स्वतःला बडवून घेतोय असं समजायचं.

चार आठवडे मी नुसता रोलर केला. ताण, म्हणजे स्ट्रेचिंग, अजिबात द्यायचा नाही असं ठरवलेलं, म्हणजे कशानं काय झालं ते कळेल. रात्री मशीन बंद केलं की पोटरीला एक मिनिट, जरा थांबून आणखी एक मिनिट. पाय लांब करून बसायचं, पोटरीखाली रोलर, दुसरा पाय वर टाकायचा वजनासाठी, हात मागं टेकून कंबर उचलायची आणि हळूहळू घोट्यापासून गुडघ्याच्या खालपर्यंत सरकायचं. इथं पहिली तक्रार. सगळा भार मनगटांवर येतो. दिवसभर कात्री आणि सुई चालवणाऱ्या बाईला रात्री मनगटांवर उभं करणं हा काही न्याय नाही. तिसऱ्या दिवसापासून मी कंबर जमिनीवरच ठेवून केलं. जोर कमी पडतो, पण मनगटं वाचतात.

दुसरी तक्रार फरशीची. गुळगुळीत टाइल्सवर रोलर पळतो. एकदा माझ्या खालून निसटून थेट मशीनच्या पायाला जाऊन थडकला. खाली सतरंजी हवीच.

तिसरी तक्रार खरी मोठी. तिसऱ्या आठवड्यात फोमचा थर आतल्या पाइपवरून सरकायला लागला. पाइप एकीकडं, फोम दुसरीकडं, बाही खांद्यातून सुटावी तसा. आत बघितलं तर गोंद फक्त दोन्ही टोकांना बोटभर लावलेला, मधे कोरडं ठाक. असं काम मी गिऱ्हाइकाला दिलं असतं तर तिनं ब्लाऊज तोंडावर फेकून मारलं असतं. विकणाऱ्या कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं की वापरामुळं झालेली झीज वॉरंटीत बसत नाही. आता रोलर वापरायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवून हळद-कुंकू वाहायचं?

मग मीच इलाज केला. पंक्चरवाल्याकडून रबर सोल्यूशन आणून थर चिकटवला, आणि पुतण्याच्या फाटक्या जीन्सच्या पायाची नळी कापून वर गवसणी शिवली. एका बाजूनं उसवून रोलरच्या मापाला घट्ट केली, दोन्ही तोंडांना नेफा घालून नाडी ओवली. खरं सांगते, गवसणी घातल्यावर वस्तू सुधारली. उंचवटे टोचायचे कमी झाले, घामानं कातडीला चिकटायचा तो चिकटेना. आणि आत पोकळ आहे म्हणताना ब्लाऊज बेतायचे माझे कागदी फर्मे गुंडाळून त्यात ठेवते. कटोरीचे तीन, प्रिन्सेस कटचे दोन. कंपनीनं हा उपयोग खोक्यावर लिहिला असता तर खरा एक दावा तरी पदरात पडला असता.

आता माप. पोटरी दोन मिनिटं फिरवून लगेच भिंतीशी गेले की साडेचारचे साडेपाच व्हायचे, कधी पावणेसहा. पाय हलका वाटायचा, खोटं कशाला बोलू. पहिल्या आठवड्यात मी शेजारणीला सांगूनही आले की घे तू पण. मग भांडी घासून, ओटा पुसून परत मोजलं. पाच. सकाळी उठून मोजलं, साडेचार. रोज हेच. रात्री मिळायचं आणि सकाळपर्यंत परत जायचं. शेजारणीची पैठणी नेसून लग्नाला जावं तसं. मिरवायला छान, पण घडी करून परत द्यायची असते. चार आठवड्यांनी सकाळचं माप ४.८. एवढा फरक तर टेप जरा सैल धरला तरी पडतो.

मांडीचं मात्र वेगळं झालं, आणि ते सांगितलं नाही तर रोलरवर अन्याय होईल. मी पोटरीबरोबर मांडीची पुढची बाजूही करत होते. पालथं पडायचं, कोपरांवर भार, मांडीखाली रोलर, आणि कमरेच्या खालपासून गुडघ्याच्या वरपर्यंत सरकायचं. गुडघ्याच्या वाटीवर जायचं नाही. इथं सगळं अंग वर असतं, त्यामुळं दाब चांगला येतो. माप असं की पालथं झोपून टाच कुल्ल्याकडं ओढायची आणि उरलेलं अंतर मोजायचं. लेक घरी नव्हती, मी इंचात मोजलं. सुरुवातीला पाच इंच. रोलरनंतर साडेतीन. आणि चार आठवड्यांनी सकाळचं, काही न करता, चार. म्हणजे इथं थोडंसं पदरात राहिलं.

शनिवारी लेक आली तेव्हा तिला वही दाखवली. ती हसायला लागली. म्हणाली, तुझी वही आणि आमची पुस्तकं जुळतायत. २०१३ मध्ये अकरा निरोगी पुरुषांच्या मांडीवर एक-एक मिनिट दोनदा रोलर फिरवला तर दोन मिनिटांनी गुडघा दहा अंश जास्त वाकला, दहा मिनिटांनी आठ अंश, आणि पायातली ताकद कमी झाली नाही. हे झालं त्या घटकेचं. आठवडेच्या आठवडे केलं तर काय, याचे सगळे अभ्यास २०२२ मध्ये एकत्र करून बघितले गेले. चार आठवड्यांपेक्षा जास्त केलं तर मांडीची पुढची आणि मागची बाजू दाद देते, पोटरी देत नाही. मी म्हटलं, मग मला चार आठवडे पोटरी कशाला घासायला लावलीस? ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू पटवून घेतलं असतंस का?"

नसतं घेतलं.

पाचव्या आठवड्यापासून रोलर फर्मे सांभाळत कोपऱ्यात उभा, आणि मी भिंतीशी. याला खर्च शून्य. स्वयंपाकघर आणि बोळ यांच्यामधली भिंत, सकाळी दूध तापत ठेवलं की तिथं उभं राहायचं. ताण दोन तऱ्हेचे. एक, पाय मागं, गुडघा सरळ, टाच जमिनीला, अंग पुढं. हा पोटरीच्या वरच्या फुगीर स्नायूला लागतो. दुसरा तसाच, पण मागचा गुडघा वाकवून. हा खालच्या, आतल्या स्नायूला लागतो, आणि उकिडवं बसायला खरा हाच लागतो, कारण उकिडवं बसताना गुडघा वाकलेलाच असतो. मी आयुष्यभर बघितलेल्या सगळ्या व्यायामवाल्या बायका पहिलाच करतात. दुसरा दिसायला काहीच नाही. बघणाऱ्याला वाटावं, बाई भिंतीला टेकून विचार करतेय.

प्रत्येकी तीस आकडे, तीन-तीनदा. तीसच का, तर १९९४ मध्ये मांडीच्या मागच्या स्नायूवर करून बघितलं होतं. आठवड्याला पाच दिवस, सहा आठवडे, कुणाला पंधरा सेकंद, कुणाला तीस, कुणाला साठ. तीस आणि साठ सारखेच निघाले, पंधरा कमी पडले. ऐकून मला बरं वाटलं. साठ म्हटलं असतं तर दूध रोज उतू गेलं असतं.

ताण देणं हे कंटाळवाणं काम आहे. रोलरला निदान वस्तू आहे, आवाज आहे, करताना काहीतरी केल्यासारखं वाटतं. भिंतीशी उभं राहून टाचेमागं ओढ लागते आणि आपण आकडे मोजतो, संपलं. पहिले दहा दिवस टेप जागचा हलला नाही. मी चिडून लेकीला फोन केला. ती म्हणाली, टाच बघ. बघितलं तर पाऊल बाहेर फिरवून उभी राहत होते, बदकासारखी. त्यामुळं तळव्याची कमान खाली बसायची आणि घोटा वाकल्याचा नुसता भास व्हायचा. पाऊल सरळ केलं, दुसरं बोट भिंतीकडं, आणि ओढ एकदम वेगळ्या जागी लागली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सकाळचं माप ५.६. सहा आठवडे झाले तेव्हा ७.४. आणि हे सकाळचं, पलंगावरून उठून, काही न करता. हे माझं स्वतःचं लुगडं होतं, शेजारणीचं नाही.

कळलं ते मात्र टेपनं नाही. एका गिऱ्हाइकाचं चंदेरी ब्लाऊजपीस बेतत होते. चंदेरी सरकते, तिच्यावर नजर ठेवावी लागते. काखेचा गोल काढला, गळा काढला, पाठ काढायला पलीकडं सरकले आणि सवयीनं टाचेखालची घडी ओढून घ्यायला हात मागं नेला. घडी नव्हती. ती इस्त्रीखाली पडलेली होती, सकाळपासून. मी अर्धा तास दोन्ही टाचा टेकून बसले होते.

इथं मला वाटलं गोष्ट संपली. रोलर वाईट, ताण चांगला, स्नायू लांब झाला, विषय बंद. लेकीनं तेही राहू दिलं नाही. म्हणाली, स्नायू लांब झाला असं कुणी सांगितलं? इतक्या आठवड्यांच्या ताणानं सांधा जास्त वाकतो हे खरं, पण त्यात स्नायूची लांबी वाढण्यापेक्षा ओढ सोसायची तयारी वाढण्याचा वाटा मोठा असतो, असं २०१० पासून मांडलं जातंय. मला आधी पटेना. मग ब्लाऊज आठवलं. नवं ब्लाऊज पहिल्या तासाला आवळतं. बाई आरशासमोर म्हणते, ताई, दंडात घट्ट झालंय, उसवा. मी म्हणते, संध्याकाळपर्यंत घालून बघा. संध्याकाळी तिचं म्हणणं असतं, बरोबर झालंय. ब्लाऊज तेवढंच असतं, एक टाका उसवलेला नसतो. अंगानं तक्रार करणं सोडलेलं असतं.

म्हणजे रोलर काय आणि ताण काय, दोन्ही समजूतच काढतात. रोलर दहा-वीस मिनिटांपुरती काढतो. रोजचा ताण जरा कायमची काढतो. एवढाच काय तो फरक.

लेकीनं माझ्या प्रयोगावर ताशेरेही ओढले, ते लिहिते, नाहीतर मी फुशारकी मारतेय असं वाटेल. रोलर आधी, ताण नंतर, असं केल्यामुळं आधीच्याचा काही परिणाम नंतरच्यात मिसळला असेल. रोलरला चार आठवडे दिले, ताणाला सहा. एकच बाई, एकच घोटा. तिच्या मते हा प्रयोग परीक्षेत लिहिला तर शून्य मार्क. मी म्हटलं, परीक्षेत तुला शून्य मिळू दे, माझी टाच टेकलीय.

आता मी दोन्ही करते, पण क्रम ठरलेला. रोलर आधी, दोन मिनिटं, आणि उठून लगेच भिंत. रोलरनं जी थोडी सूट मिळते ती विरायच्या आत ताण द्यायचा. पोरवयातल्या खेळाडूंच्या पोटरीवर २०१५ मध्ये तिन्ही तऱ्हा करून बघितल्या होत्या: नुसता रोलर, नुसता ताण आणि दोन्ही मिळून. दोन्ही मिळून सगळ्यात पुढं होतं, पण दहा मिनिटांत तेही ओसरलं. म्हणजे त्या घटकेपुरता क्रमाला अर्थ आहे. पुढं टिकायचं असेल तर रोज करण्याला पर्याय नाही. रोज जमत नाही, रविवारी दांडी असते.

पुतण्या खो-खो खेळतो, त्याचं गणित माझ्या उलटं. त्याला मैदानात उतरायच्या आधी पाय मोकळे हवेत आणि झेप कमी पडून चालत नाही. एकाच स्नायूला मिनिटापेक्षा जास्त वेळ धरून ताण दिला तर लगेच पुढं ताकद थोडी उतरते. म्हणून त्यानं सामन्याआधी रोलर आणि पळापळ करावी, लांबलचक ताण घरी रात्री द्यावा, असं लेकीचं मत. तो माझा रोलर मागत होता. दिला नाही. आत फर्मे आहेत.

सासूबाईंनी रोलर पहिल्यांदा बघितला तेव्हा विचारलं, "हा काय, वरवंटा?" मी खुर्चीत बसून पोटरीवर लाटणं फिरवून दाखवलं, कारण खरंच, पोटरीपुरतं लाटण्यानंही जवळपास तेवढंच होतं आणि मनगटं वाकडी करावी लागत नाहीत. (लाटणं वेगळं ठेवलंय, पोळ्यांचं नाही.) त्यांनाही हौस आली. लेकीनं सरळ नाही म्हटलं. "आजी, तुमची हाडं ठिसूळ झालीत, पायाच्या शिरा फुगलेल्या, आणि रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. हे तुमच्यासाठी नाही." त्यांना खुर्चीत बसून पाऊल वर-खाली करायला शिकवलं. त्या अजून रोलरकडं संशयानं बघतात. पोटरी एकाच बाजूला सुजून गरम झाली, दुखायला लागली, तर तिथं रोलर काय नि लाटणं काय, काहीच न फिरवता आधी डॉक्टर, हेही तिनं दोनदा बजावलं.

आणखी एक. भिंतीशी गुडघा नेताना ओढ टाचेच्या मागं, पोटरीत लागली पाहिजे. पुढं, घोट्याच्या घडीवर टोचत असेल, दार अडकावं तसं अडत असेल, तर तिथं ताण देऊन भागत नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाला तसं व्हायचं. तिला मी भिंत दाखवली नाही, लेकीच्या सरांकडं पाठवलं. अस्तर आखूड असलं तर उसवून वाढवता येतं. चेन अडकली असेल तर अस्तर उसवून काय उपयोग?

घ्यायचाच असेल तर काय बघाल: अंगठ्यानं जोरात दाबून बघा, जरा तरी दबला पाहिजे. पहिल्यांदाच घेत असाल तर उंचवट्यांचा नको, साधा सपाट घ्या. टोकाला फोम आणि पाइप यांच्यामधे नख घालून बघा, नख आत गेलं तर दुकानात ठेवून या. लांबी ३३ पुरते. त्याच्या दुप्पट-तिप्पट लांबीचे मिळतात, पण ते आमच्या खोलीत ठेवायचे कुठं. मांडीसाठी, दिवसभर बसून पाय आंबले असतील तर, किंवा ताणाच्या आधीची दोन मिनिटं म्हणून रोलर चांगला. घोटा उघडायला म्हणून एकटा रोलर घेणार असाल तर ते आठशे रुपये ठेवा, टेप पंचवीस रुपयांना मिळतो.

रोलरला पाचपैकी तीन. त्यातला अर्धा माझ्या गवसणीचा. कंपनीला एकही नाही. भिंतीला साडेचार, अर्धा कापला तो कंटाळ्यासाठी.

आज सकाळचं माप ८.१. डाव्याला गाठायला अजून दीड सेंटिमीटर कमी आहे. श्रावण लागला की गौरी-गणपतीच्या ब्लाऊजांची गर्दी होते, तेव्हा सकाळचं दूध तापायच्या आतच मशीन सुरू होतं आणि भिंत राहून जाते, बघू. गुडघा रोज एकाच जागी टेकून बोळातल्या भिंतीवर वाटीएवढा काळपट डाग पडलाय. यांनी परवा विचारलं, दिवाळीला रंग काढायचाय, हा डाग कसला. मी म्हटलं, बाकीची भिंत रंगवा, तेवढी जागा राहू द्या, पाय कुठं लावायचा ते मला तिथून कळतं.